बंद गिरणीचें छायाचित्र

किल्ला ढासळला तरी त्याचे बुरूज इतिहासाच्या पुस्तकांत जागा मिळवतात. जीर्ण देवळाच्या पायरीवरही कोणी फूल वाहतो. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या वाट्यास असा मान सहसा येत नाहीं. मुंबईच्या वैभवाचा पाया जिनें घातला, त्या वास्तूकडे शहर जमिनीचा तुकडा म्हणून पाहतें. ती पाडली जाण्यापूर्वीं आंत शिरणारा शेवटचा माणूस पुष्कळदां छायाचित्रकार असतो. म्हणून त्यानें तेथें काय टिपावें, हा निव्वळ हौसेचा प्रश्न राहत नाहीं.

१८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें तिचें काम सुरू झालें. पुढें परळ, लालबाग, भायखळा या भागांत चिमण्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून माणसें पोटासाठीं आलीं आणि त्या वस्तीस गिरणगांव हें नांव पडलें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरत गेला, आणि हजारों कुटुंबांना पूर्वींची नोकरी पुन्हां लाभली नाहीं. १९९१ च्या नियमांनीं गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागा व सार्वजनिक घरें यांसाठीं राखला होता. २००१ च्या दुरुस्तीनें ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य मानली. इमारत जेथें उभी होती, ती भूमि वाटणींतून सुटली.

अशा ओसाड इमारतींत पाऊल ठेवतांच नजर छपराकडे जाते. विणाईखात्याचें छप्पर करवतीच्या दात्यांसारखें असतें आणि त्याच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात. त्यांतून झिरपणारा मऊ, सम प्रकाश कॅमेऱ्यास फार मानवतो. परंतु तो सौंदर्यासाठीं योजिलेला नव्हता. ऊन थेट पडूं नये आणि तुटलेला धागा तत्काळ दिसावा, एवढाच त्याचा हेतु होता. मागांचे हादरे सोसावे म्हणून विणाईखातें बहुधा तळमजल्यावर असे. कताईखातें मात्र मजल्यांवर मजले चढवून मांडतां येई.

वरच्या मजल्यावर यंत्रें उरलेलीं नसतात; तीं बहुतेक भंगारांत गेलेलीं असतात. पण जमिनीवर त्यांच्या खुंट्यांचीं भोकें ओळीनें दिसतात, आणि दोन ओळींमधील अंतर मोजलें कीं कामगारास उभें राहण्यास किती जागा होती तें कळतें. तेलानें काळवंडलेल्या फळ्या तो कोठें उभा राही हें सांगतात. कोरड्या हवेंत सूत तुटतें, म्हणून हवा मुद्दाम दमट राखीत. तिच्यांत कापसाची धूळ तरंगे आणि फुप्फुसांत जाऊन बसे. स्त्रिया बहुतांशीं वाइंडिंग व रीलिंगच्या खात्यांत होत्या. ती जागा कोणती, हें रिकाम्या भिंती सांगत नाहींत.

अंगणांतील चिमणी आणि तळें यांचीही जोडी असे. वाफेच्या एंजिनास भट्टी लागे व वाफ थंड करण्यास पाणी लागे. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत् गिरण्यांना मिळूं लागली आणि एंजिनांचें राज्य हळूहळू संपलें. चिमणी तशीच उभी राहिली.

भिंत फोडून उगवलेला पिंपळ, गंजलेलें चाक, काचेंतून आलेली तिरीप, एवढ्यावरच जो थांबतो, तो चित्र सुंदर काढतो. पण त्यांतून कामगार गळून जातो. खरें छायाचित्र मापाची पट्टी शेजारीं ठेवून घेतलेलें असतें. त्याच्या पाठीवर खात्याचें नांव, दिशा व दिनांक असतात. कुजलेल्या फळीवर पाय देण्यापूर्वीं परवानगी व सोबती हवा, आणि सोबती जर त्याच खात्यांत पाळी केलेला वृद्ध कामगार असेल, तर अधिक चांगलें. ‘येथें भोंग्याआधीं डबा ठेवीत’ असें तो एका खुंटीकडे बोट दाखवून म्हणाला, कीं खुंटीचें चित्र दस्तऐवज होतें.

लोअर परळ येथें फिनिक्स गिरणीची चिमणी भव्य बाजारपेठेमध्यें राखली आहे. ती पाहून येथें गिरणी होती एवढें कोणासही कळतें. परंतु तिच्या सावलींत किती लोक राबले, कशा हवेंत राबले, आणि १९८२ नंतर त्यांचें काय झालें, हें चिमणी सांगत नाहीं. तें सांगणारी साक्ष जमिनीवरील भोकांत आणि वृद्धांच्या स्मरणांत आहे. जमीन खोदली जाते, वृद्ध एकेक करून जातात. दोहोंची नोंद एकत्र करणें आतां विलंब सोसणारें नाहीं.