प्लेगचे साल आणि घरातली बाई

घरात मेलेला उंदीर दिसला की आमच्या आजेसासूबाई हातातले काम टाकून उंबऱ्याबाहेर येऊन बसत. ही सवय त्यांना त्यांच्या सासूबाईंनी लावलेली. त्या सासूबाई १८९७ साली दहा-अकरा वर्षांच्या होत्या. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी काही लिही म्हटले, तेव्हा त्यांच्याच गोष्टी आठवल्या. ऐकलेल्याला वाचलेल्याची जोड देऊन लिहिते आहे.

मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेग प्रथम ओळखला. मांडवी म्हणजे बंदराजवळचा वखारींचा भाग. धान्य तेथे उंदीर आलेच! भिऊन लोक मुंबई सोडू लागले, ते इतके की पुढच्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. विरारपासून मुंबईला आगगाडी १८६७ सालीच सुरू झालेली होती. तेव्हा हे भय आमच्या वसईच्या वाड्यांत पोचायला कितीसा वेळ लागणार?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगाचा कायदा केला. त्याच्या आधाराने घरे तपासायची, रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचे, बाकीच्यांना छावणीत ठेवायचे, कौले काढून घरात ऊन घ्यायचे, भिंतींना चुना फासायचा असा सपाटा सुरू झाला. मुंबईची गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली. त्यामुळे तेथले उंदीर उलट घराघरांत पांगत असतील हे कुणाच्या ध्यानात आले नाही. उंदरावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवले, आणि तेही जगाला पटायला काही वर्षे गेली. हाफकिन साहेबांनी तर १० जानेवारी १८९७ लाच आपली लस स्वतःला टोचून घेतली होती. पण लोकांना टोचण्याचेही भय वाटे.

पुण्यात रँडसाहेबाच्या कमिटीने गोऱ्या सोजिरांना घरोघर धाडले. बूट घालून ते स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. ही गाठ येते काखेत नाहीतर जांघेत. तेव्हा तपासणी म्हणजे काय, ते भगिनींना वेगळे सांगायला नको. चापेकरांनी २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्याआधी मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून इस्पितळात व छावणीत बायकांचे काय हाल होतात ते जाहीर केले होते, हे कितीजणींना माहीत आहे? सरकारने ते मान्य केले नाही. मुंबईत ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्याकडे मुसलमान विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली, तीही एका बारा वर्षांच्या आजारी मुलीवरून.

मग घरे काय करीत? रोगी लपवीत. आजेसासूबाईंच्या सासूबाईंच्या काकीला गाठ आली, तेव्हा तिला गोठ्यामागे पेंढ्यात निजवले होते. ही लहान मुलगी तिला पेज नेऊन देई. शिपाई आले तर बोलायचे नाही, असे तिला बजावले होते. काकी तिसऱ्या दिवशी गेली, आणि मागोमाग घरातली आणखी दोन माणसे. पेंढ्यात उंदीर असतात हे घरात सर्वांना माहीत होते. त्यात मरण असते हे मात्र कुणालाच माहीत नव्हते.

मी त्या माणसांना नावे ठेवणार नाही. २०२० साली करोनात हाच १८९७ चा कायदा पुन्हा पुढे आला, आमच्या इमारतीच्या दाराला फळ्या ठोकल्या, आणि खोटे कशाला बोलू, मी सासूबाईंचा ताप दोन दिवस शेजारणींपासून लपवला. त्यांना एकटीला कुठेतरी नेतील, एवढेच डोळ्यांपुढे येत होते.

सावित्रीबाई फुले यांची गोष्ट यासाठीच मला फार मोठी वाटते. त्यांच्या मुलाने, डॉ. यशवंतरावांनी, पुण्याबाहेर ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा गाठीने पडला आहे असे कळताच सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या घरातून रोगी हलवायला शिपाई लागला नाही. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र तोच ताप आला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सोजिरांच्या झडत्या पुण्यात सुरू झाल्या त्या त्यानंतर आठवड्याच्या आतच.