मोटारीच्या गर्जनेस आवर

मोटारीच्या पोटाखालीं, मागल्या बाजूस, लोखंडी पत्र्याचें एक लांबट नळकांडें टांगलेलें असतें. आपल्याकडे त्यास सायलेन्सर म्हणतात. हा शब्द इंग्लंडांतून आला. अमेरिकन लोक त्याच वस्तूस मफलर म्हणतात, आणि थंडींत गळ्याभोंवतीं मफलर गुंडाळणाऱ्या मराठी माणसास तें नांव ऐकून थोडें हंसूं येईल.

इंजिन मुळांतच एवढें कां ओरडतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. सिलिंडरांत पेट्रोलच्या वाफेचा भडका उडून दट्ट्या खालीं ढकलला जातो. मग बाहेरची झडप उघडते. त्या क्षणीं आंतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो एकदम सुटतो आणि हवेस धक्का देतो. गोळीच्या सोडावॉटरची बाटली फोडतांना होणारा आवाज हा त्याचाच धाकटा भाऊ. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर असे धक्के सेकंदास १०० बसतात; त्यांचीच सलग गर्जना होते.

१८९० नंतरच्या दशकांत या गाड्या रस्त्यावर येऊं लागल्या, तेव्हां पहिली तक्रार घोड्यांची होती. रस्त्यावर राज्य अद्याप त्यांचेंच होतें, आणि हा आवाज ऐकून ते उधळत. अमेरिकेच्या इंडियाना संस्थानांतील कोलंबस गांवचे मिल्टन व मार्शल रीव्हज या बंधूंनीं १८९७ सालीं इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या साधनाचें पेटंट घेतलें.

या इतिहासांतील सर्वांत विलक्षण भाग मात्र मॅक्झिम पितापुत्रांचा. हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम यानें १८८४ च्या सुमारास लंडनमध्यें आपोआप भरून उडणारी बंदूक सिद्ध केली. युरोपीय साम्राज्यांनीं आफ्रिकेंत ती कशी वापरली, तें सर्वश्रुत आहे. वर्षानुवर्षें बंदुकांच्या कडकडाटाजवळ राहून तो स्वतः ठार बहिरा झाला. त्याचा मुलगा हिराम पर्सी मॅक्झिम (१८६९–१९३६) १८९५ पासून कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथें पोप कंपनीच्या मोटारींवर काम करीत होता. १९०९ सालीं त्यास बंदुकीच्या सायलेन्सरचें पेटंट मिळालें. सुटणाऱ्या वायूस आंतच भोंवऱ्यासारखें फिरवावें, म्हणजे त्याचा जोर ओसरून तो सावकाश बाहेर येईल, ही त्यामागील कल्पना. पुढें त्याची कंपनी इंजिनांचे आवाज शमविण्याकडे वळली. बंदुकीनें बापाचे कान गेले आणि मुलानें बंदूक मुकी केली. यांत कोणी कार्यकारणभाव जोडूं नये, पण योग मोठा चमत्कारिक खरा. नभोवाणीच्या श्रोत्यांना हेंही ऐकून बरें वाटेल कीं, हौशी बिनतारी संदेशकांची ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही संस्था १९१४ सालीं क्लॅरन्स टस्का याच्यासह स्थापन करणारा हाच गृहस्थ होय.

मोटारीच्या सायलेन्सरच्या पोटांत आडव्या पडद्यांनीं पाडलेल्या खोल्या असतात व त्यांतून भोंकें पाडलेल्या नळ्या गेलेल्या असतात. अरुंद नळींतून प्रशस्त खोलींत येतांच वायु पसरतो व त्याचा धक्का मंदावतो. दाबाची लहर भिंतीवर आपटून परत फिरते; खोलीची लांबी हिशेबानें ठेवली असेल, तर एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत पडतो आणि दोघी एकमेकींस खातात. कांहीं सायलेन्सरांत आखूड मानेची एक बंद खोली असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली असतां ती एकाच स्वरांत घुमते. तसाच या खोलीचाही एक स्वर ठरलेला असतो, आणि गर्जनेंतला तेवढा स्वर ती गिळते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) असे पोकळ गोळे कानाशीं धरून संगीतांतील स्वर निवडून काढीत असे. गायनाच्या अभ्यासांतील हें साधन अशा रीतीनें मोटारीच्या शेपटीस लागलें!

वायूची वाट अडविली कीं इंजिनास थोडा उलट दाब सोसावा लागतो. त्यावरून सायलेन्सर गाडीची ताकद खातो, अशी समजूत रुजली. आरंभींच्या पुष्कळ मोटारींत म्हणून एक झडप ठेवीत. ती उघडली कीं वायु सायलेन्सर चुकवून सरळ बाहेर पडे. चढावरची ही सोय लोक भर वस्तींत वापरूं लागले, आणि अमेरिकेंतील अनेक शहरांस तिच्यावर बंदी घालावी लागली. भारतांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं सायलेन्सर सक्तीचा केलेला आहे. तरीही फटाक्यांसारखा आवाज काढणाऱ्या मोटारसायकली पुण्या-नागपुरास ऐकूं येतातच, आणि जप्त केलेले तसले सायलेन्सर पोलिसांनीं रोडरोलरखालीं चिरडल्याचें वर्तमानपत्रांतून छापून येतें.

हौशी मालकापेक्षांही मोठा शत्रु म्हणजे पाणी. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाणी होतें. एक लिटर पेट्रोलमागें सुमारें एक लिटर. तें वाफेच्या रूपानें निघून जातें, परंतु नळकांडें थंड असेल तर आंतच ठिबकतें. जळक्या वायूंतील आम्लें त्यांत मिसळतात आणि पत्रा आंतून गंजूं लागतो. म्हणून रोज कोपऱ्यावरच्या बाजारापुरती निघणारी मोटार आपला सायलेन्सर लवकर गमावते. मुंबईहून पुण्यास जाणारीचा तापून कोरडा होतो. पुष्कळ सायलेन्सरांच्या तळाशीं पाणी गळण्यास बारीक भोंक असतें. तें चिखलानें बुजूं देऊं नये. कोंकणपट्टींतील खारी हवा बाहेरून आपलें काम करीतच असते.

आवाज वाढला, एवढ्यानेंच प्रकरण संपत नाहीं. त्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड हें विष असतें. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. फुटक्या नळींतून तें गाडींत शिरलें तर बसलेल्यांचें डोकें दुखतें, गुंगी येते, आणि खिडक्या बंद असल्यास प्राणावरही बेतूं शकतें. बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवणें तर केव्हांही धोक्याचें.

आंतला पडदा सुटला तर खडखड ऐकूं येते. वाट काजळीनें अगर पडलेल्या पत्र्यानें तुंबली तर गाडी चढावर दमते. सांध्याजवळ काळा डाग दिसला म्हणजे तेथून वायु गळत आहे असें समजावें. इंजिन थंड असतांना कारागिराकडून तेवढा सांधा आवळून अगर झाळून घेतां येतो. नळकांडेंच चाळणीसारखें झालें असेल तर मात्र तें बदलावें लागतें.