वाटेत गाडी बंद पडली तर?

मागच्या बैठकीत आपल्या गटातली एक ताई म्हणाली, "कर्ज काढून रिक्षा घेईन म्हणते. अंबाडी-वज्रेश्वरी चालवीन. पण घरचे विचारतात, वाटेत बंद पडली तर बाई काय करणार?" त्यावरून आज एक जुनी हकीकत सांगते.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. त्यांच्या कारखान्यात बायको बर्था हिने लग्नाआधीच माहेरचा हुंडा मागून घेऊन घातला होता. पेटंटवर नाव मात्र एकट्या नवऱ्याचं! गाडी बघायला लोक जमत, विकत कोणी घेईना. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याच गाडीतून माहेरी निघाली. मानहाइम ते फॉर्त्सहाइम, शंभरावर किलोमीटर.

पेट्रोल पंप तेव्हा कुठले? औषधाच्या दुकानात कपड्यांचे डाग काढायचं लिग्रोइन मिळे, तेच तिनं टाकीत ओतलं. इंजिन गार ठेवणारं पाणी वाफ होऊन उडून जाई, आपल्या अकलोलीच्या कुंडावर उठते ना, तशी वाफ. म्हणून वाटेत जागोजागी विहिरीचं, ओढ्याचं पाणी भरायचं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. उघड्या पडलेल्या तारेला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली. परतल्यावर तिनं ते नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं चढासाठी आणखी एक गिअर बसवला.

आपल्या मुंबईत मोटारी आल्या, तेव्हाही पेट्रोल डब्यांतून मिळे आणि गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला. बाईच्या अंगात ताकद नाही, हे कारण खरं तर तिथंच संपलं. तरी परभणीच्या शीला डावरे यांनी पुण्यात रिक्षा चालवायला घेतली ती १९८८ साली, बर्थाच्या प्रवासानंतर शंभर वर्षांनी.

आमच्या ताईला मी म्हटलं, कर्जाच्या अर्जाआधी आठ दिवस गॅरेजात बस. प्लग साफ करणं, चाक बदलणं हातानं करून बघ. सोमवारपासून जाते म्हणाली.