पिसाची लेस

* पिसाच्या नक्षीची ही लेस क्रोशाची नव्हे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली ही हॉनिटन लेस घट्ट भरलेल्या उशीवर टाचण्या टोचून, बॉबिनच्या (धागा गुंडाळलेल्या कांड्यांच्या) जोड्यांनी धाग्यांना आढी-पीळ देत विणतात. पिसाचा कणा उठावाचा. त्याच्या एका बाजूचे पाते गच्च विणीचे, दुसरे विरळ जाळीदार ठेवले, की निव्वळ पांढऱ्या धाग्यातही छायाप्रकाश दिसतो. इथल्या बॉबिन सडपातळ, टोकदार, बिनमण्यांच्या. कारण आधीच्या विणीतून आकड्याने ओढलेल्या फासातून त्या सुळकन पार व्हाव्या लागतात. बेडफर्डशरच्या मणी लटकवलेल्या बॉबिन देखण्या खऱ्या, पण या कामात त्या अडकायच्याच. पाने-फुले-पिसे सुटी विणून मागाहून जोडतात. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० मधल्या विवाहवस्त्राची लेस बीअर गावच्या परिसरातल्या बायकांनी केली, तीही हॉनिटनच. — संपा.