अकरा निवडणुकांचा डहाणू

डहाणूचा किनारा मागे टाकून पूर्वेच्या जंगलपट्टीत शिरलं की गंजाड लागतं. वारली चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे इथल्याच कलंबीपाड्यावर राहत. गंजाडचा मतदार आज लोकसभेसाठी पालघर मतदारसंघात मत देतो. १९६७ पासून २००४ पर्यंत मात्र तो डहाणू मतदारसंघाचा होता. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघाने अकरा निवडणुकांत सहा खासदार दिल्लीला पाठवले. काँग्रेसला आठ विजय मिळाले, भाजपला दोन, तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला एक.

हिशेब एकतर्फी दिसतो. पण काँग्रेसला ज्या दोघांनी हरवलं, ते लहानू कोम आणि चिंतामण वनगा, तलासरीत वर्षानुवर्षं मुळं धरलेल्या दोन कामांतून पुढे आले होते. डहाणूचा खरा राजकीय इतिहास तिथेच सापडतो.

त्याची सुरुवात मतपेटीच्या आधीची आहे. सावकार-जमीनदारांकडे वारल्यांना वेठ करावी लागे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको मालकाच्या घरी राबत राहत. त्यांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या झेंड्याखाली आदिवासी जमले आणि वेठ नाकारायचं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्याच्या पुढे होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरीही वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडली. गोदावरीबाई पाड्यांवर 'गोदाराणी' झाल्या आणि लाल बावटा इथल्या घराघरांत पोचला. १९५७ मध्ये ठाण्यातून शामराव लोकसभेत गेले, त्यामागे ही सगळी पुण्याई होती.

डहाणू मतदारसंघाचे पहिले खासदार मात्र राजघराण्यातले होते. जव्हार संस्थानचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे महादेव कोळी समाजाचे. १९६२ मध्ये ते भिवंडीतून निवडून आले होते. १९६७ मध्ये काँग्रेसतर्फे त्यांनी डहाणू जिंकलं. संस्थान विलीन होऊन जेमतेम दोन दशकं लोटली होती आणि जुनी प्रजा आता मतदार म्हणून राजाला निवडत होती. १९७१ मध्ये काँग्रेसचेच लक्ष्मण दुमाडा आले.

१९७७ मध्ये आणीबाणीविरोधी लाट आली. त्या वर्षी मार्क्सवादी पक्षाने महाराष्ट्रात तीन जागा जिंकल्या: मुंबईत अहिल्या रांगणेकर, बीडमध्ये गंगाधर अप्पा बुरांडे आणि डहाणूत लहानू कोम. कोम परुळेकरांच्या चळवळीत घडलेले. देशभर वारं जनता पक्षाचं असलं, तरी डहाणूत मत लाल बावट्याला पडलं, कारण तो वाहून नेणारी माणसं इथे तीस वर्षं पाड्यांवर फिरत होती. कोम ज्या आदिवासी प्रगती मंडळाशी जोडलेले होते, त्या संस्थेने पुढे तलासरीत शिक्षणाचं मोठं जाळं उभारलं. तिथलं महाविद्यालय गोदावरी परुळेकरांचं नाव चालवतं.

१९८० मध्ये काँग्रेस परतली. दामोदर, म्हणजे सगळ्यांचे दामू, शिंगडा १९८०, १९८४, १९८९ आणि १९९१ असे सलग चार वेळा निवडून आले. याच काळात तलासरीत दुसरं एक काम वाढत होतं. संघविचाराच्या वनवासी कल्याण केंद्राच्या वसतिगृहातून आदिवासी मुलं शिकून बाहेर पडत होती. तलासरी तालुक्यातल्या कवाड्याचे वकील चिंतामण वनगा याच प्रवाहातले. १९९६ मध्ये भाजपला त्यांनी डहाणूची जागा प्रथमच मिळवून दिली. पुढे निकाल हेलकावत राहिला: १९९८ मध्ये काँग्रेसचे शंकर नम, १९९९ मध्ये पुन्हा वनगा, २००४ मध्ये पाचव्यांदा शिंगडा.

एकाच लहानशा तालुक्यात दोन परस्परविरोधी विचारांनी शाळा-वसतिगृहांतून आदिवासी नेतृत्व घडवलं, ही डहाणूची मोठी कमाई. तिच्यात उणीवही मोठी आहे. गोदावरीबाईंनी ज्या मुलखाला जागं केलं, त्याने अकराही वेळा पुरुषच निवडला.

२००८ च्या फेररचनेत डहाणूचं नाव लोकसभेच्या यादीतून गेलं. नव्या पालघर मतदारसंघात डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसरबरोबर वसई आणि नालासोपारा आले. राखीव जागा राहिली, पण मतांचं वजन दक्षिणेच्या लोकल गाड्यांच्या शहरांकडे झुकलं. २००९ मध्ये विरारमध्ये पाया असलेल्या बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव जिंकले. २०१४ मध्ये वनगा परत आले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. मे महिन्यातल्या पोटनिवडणुकीत भाजपचे राजेंद्र गावित यांच्यासमोर शिवसेनेकडून वनगांचे पुत्र श्रीनिवास उभे राहिले आणि गावित जिंकले. शिंगडाही काँग्रेसकडून रिंगणात होते, पण ही त्यांची जुनी भूमी राहिली नव्हती.

विधानसभेत डहाणू हे नाव आजही आहे. २०१९ आणि २०२४ मध्ये तिथून मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. म्हणजे १९४५ चा धागा तुटलेला नाही. पण लोकसभेच्या त्या अकरा निवडणुकांची गोष्ट पाड्यापाड्यांवर प्रचार केलेल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांकडेच उरली आहे. लाल, भगव्या आणि काँग्रेसच्या तिरंगी झेंड्याखाली फिरलेल्या या माणसांच्या आठवणी आताच लिहून घ्यायला हव्यात.