टवका उडालेले हास्य

चिनी मातीच्या कपाचा टवका उडाला, की आपण तो अडगळीत टाकतो. पण तीच चिनी माती माणसाच्या दातावर बसवलेली असेल, तर काय करावे? दंतवैद्यापुढे हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचे मूळ व्हिनियर नावाच्या या पातळ कवचाच्या इतिहासातच आहे.

१९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी हॉलिवूडच्या नटनटींसाठी अशी कवचे घडवली. कवळी बसवण्याच्या भुकटीने ती दातांवर तात्पुरती चिकटवीत आणि चित्रीकरण आटोपताच काढून ठेवीत. एखादे फुटलेच, तर दुसरे करता येई. खालचा दात शाबूत असे.

उणीव होती ती टिकाऊ बंधाची. १९५५ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिले, की दंतवल्कावर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य थरावर, फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावले असता त्यावर राळ घट्ट धरते. १९६२ साली राफेल बोवेन यांच्या नव्या राळेला पेटंट मिळाले. पुढे १९८३ साली सायमनसेन व कॅलामिया यांनी हायड्रोफ्लुओरिक आम्लाने चिनी मातीची आतली बाजू खरखरीत करून तीही राळेशी जखडता येते, हे सिद्ध केले. कवच आता दाताशी एकजीव झाले.

श्रोतेहो, अडचण उद्भवली ती येथेच. असे कवच बदलायचे, तर ते बहुधा घासूनच काढावे लागते, आणि त्याबरोबर दंतवल्कही थोडे झिजण्याचा धोका असतो. दंतवल्क पुन्हा उगवत नाही; ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईतो नाहीशा झालेल्या असतात.

म्हणून टवका अगदी लहान असेल, तर कड घासून गुळगुळीत केली तरी भागते. थोडा मोठा असेल, तर तुटलेला भाग आम्लाने खरखरीत करून, त्यावर सिलेन लावून दाताच्या रंगाची राळ भरतात. हिरडीला त्या जहाल आम्लापासून जपावे लागते. ही राळ कालांतराने डागाळते वा झिजते. पण ती पुन्हा भरता येते. कवचाला मोठी भेग गेली असेल किंवा खाली कीड लागली असेल, तर मात्र बदलण्यावाचून गत्यंतर नसते. नवे कवच सुचवले गेल्यास, खाली दंतवल्क किती उरले आहे, एवढे दंतवैद्याला अवश्य विचारावे.