घाट आणि धक्का

पायाखालचा कातळ बैलांच्या खुरांनी गुळगुळीत झालाय. इसवी सनाचं पहिलं शतक चालू आहे आणि तुम्ही नाणेघाटाच्या खिंडीत उभे आहात. पाठीमागे जुन्नरचं पठार, समोर कडा तुटून थेट कोकणात गेलेला. गोण्या लादलेलं एकेक जनावर पाऊल चाचपत उतरतंय. लेण्याच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत सातवाहनांच्या नागनिका राणीने केलेले यज्ञ आणि दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची नोंद आहे. बाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात पडत, असं लोक पुढे दोन हजार वर्षं सांगत राहतील.

गोण्या निघाल्यात कल्याणच्या बंदराकडे. तिथे खाडीत गलबतं लागतात, पलीकडून मद्याचे कुंभ येतात, इकडून कापड जातं.

आता थोडी वर्षं पुढे सरका. घाट तोच, पण रांजणापाशी गर्दी नाही. कल्याणचं बंदर राजकारणात अडकलंय. 'पेरिप्लस' लिहिणारा ग्रीक व्यापारी नोंदवतो की, चुकून तिथे शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. त्यामुळे पैठणचे रंगीत दगड आता आडवाटांनी, गाड्यांवर लादून उत्तरेकडे चाललेत. भडोच ते पैठण म्हणजे वीस दिवसांची वाट. नाणेघाटाचा एक चिराही हललेला नाही, तरी वर्दळ ओसरली, कारण वाटेच्या टोकाचं बंदर बंद झालं.

याच्या नेमकं उलट पाहायचं असेल तर १८६२च्या उन्हाळ्यात, खंडाळ्याला या. सोलापूरकडून कापसाच्या गाठी घेऊन आलेली आगगाडी इथे थांबते, कारण पुढे रूळच नाहीत. खाली खोपोलीपर्यंत मुंबईची गाडी येते, पण मधे अख्खा बोरघाट आडवा आहे. हमाल गाठी उतरवतात, बैलगाड्यांवर चढवतात. खोपोलीला पुन्हा उतरवणं, पुन्हा चढवणं. एक गाठ तुमच्या पायाशीच फुटते. हमाल गुडघ्यावर बसून धुळीने माखलेला कापूस मुठीमुठीने आत कोंबतो. अमेरिकेत यादवी पेटली आहे, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झालाय, मुंबईत भाव चढत चाललेत, आणि सोन्यासारखा माल इथे गाड्यांची वाट बघत पडलाय.

तेवढ्यात डोंगर हादरतो. सुरुंग लागलाय. या घाटात पंचवीस बोगदे खोदले जाताहेत. आदल्या वर्षी इथे एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर राबत होते. सुरुंगाने, कड्यावरून पडून, पटकीने हजारो मेले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी इथून पहिली गाडी उतरेल तेव्हा निदान तुम्ही तरी त्यांची आठवण ठेवा.

त्या गाडीबरोबर मुंबईच्या किनाऱ्यावर उतरा. घाट सुटला, पण आता माल पाण्याशी अडतो. जहाज दूर, खोल पाण्यात नांगरलेलं. गाठी आधी पडावात, मग पडावातून वर जहाजात. लाटेबरोबर पडाव खालीवर होतो, वर ओढलेली गाठ हेलकावते.

सतरा वर्षांनी याच शहरात प्रिन्सेस डॉकच्या धक्क्यावर उभे राहा. दरम्यान १८६९ला सुएझ कालवा खुला झाला, १८७३ला पोर्ट ट्रस्ट आला, १८७५ला ससून डॉक. बाहेर ओहोटी लागली आहे, पण दरवाजे बंद केल्यामुळे गोदीतलं पाणी तसंच भरलेलं. जहाज धक्क्याला टेकलंय. गाठ धक्क्यावरून उचलली की सरळ जहाजाच्या पोटात. मधला पडाव गळला.

आता आजच्या फेब्रुवारीत या. रात्री दोन वाजता कसारा घाटात ट्रेलरच्या केबिनमध्ये तुम्ही चालकाशेजारी बसलाय. मागच्या थंड कंटेनरमध्ये निफाडची द्राक्षं आहेत. जनरेटर घरघरतोय. द्राक्षं बागेतून निघाली की त्यांची थंडी तुटता कामा नये. पुढे एक गाडी बंद पडल्याने रांग लागली आहे.

"भाऊ, कट-ऑफच्या आत गेटवर पोचलो नाही, तर बोट आपल्यासाठी थांबत नाही," चालक म्हणतो.

ट्रेलर निघालाय ते न्हावा-शेवाचं बंदर १९८९ला सुरू झालं. तिथली क्रेन हा डबा दोन-तीन मिनिटांत बोटीवर ठेवेल. पण वर्षभर बाग जपलेल्या शेतकऱ्याचं नशीब या क्षणी क्रेनच्या हाती नाही, ते या वळणावर अडकलंय. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणच्या नव्या बंदराला २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तिथलं पाणी किती खोल, हे सगळे विचारतात. तुम्ही हेही विचारा की त्या पाण्यापर्यंत रूळ कुठून येणार, रस्ते किती रुंद होणार, आणि तिथे आधीपासून जाळी टाकणाऱ्यांना जागा कुठे उरणार.

बंद गाडी बाजूला होते. चालक हँडब्रेक सोडतो. घाट उतरू लागतो.